आतल्या बाजूचं माणूस

आधी हातात एक फोक धरा. खरा नको, मनातला. ओढ्याकाठच्या निरगुडीचा, करंगळीएवढा जाड, तुमच्या उंचीच्या दुप्पट लांब, पानं ओरबाडून काढलेला. हाताला त्याचा कडवट वास लागला आहे. समोर काळ्या मातीत बाभळीचे खुंट ओळीनं ठोकले आहेत. आता तो फोक पहिल्या खुंटाच्या बाहेरून न्या, दुसऱ्याच्या आतून, तिसऱ्याच्या परत बाहेरून. जमत नाही ना? जमणारच नाही. टोक आत गेलं की ते ओढून घ्यायला आत कुणीतरी लागतं. कूड, म्हणजे फोकांचं कुंपण, विणायचं काम दोघांचं, एक बाहेर, एक आत. बाहेरचा म्हणतो, ‘घे.’ आतला म्हणतो, ‘घेतला.’ दिवसभर एवढंच बोलणं.

आता कान द्या. बाहेरून ‘घे’ ऐकू येतंय. आतून काहीच नाही.

मुदखेडजवळच्या एका गावात, घरामागच्या परसात, दिवाळीच्या सुट्टीतले तीन दिवस शिवांगी हेच ऐकत होती. ती पाचवीत. तिचे आजोबा ज्ञानोबा, म्हणजे आबा, बाहेर उकिडवे बसून फोक आत सारायचे आणि म्हणायचे, “घे.” मग मान तिरकी करून थांबायचे. थांबून थांबून गुडघ्यावर हात देत उठायचे, दारासाठी ठेवलेल्या फटीतून आत जायचे, फोक ओढायचे, परत बाहेर यायचे. एका फोकाला अशा चार-पाच फेऱ्या.

“आबा, मी येऊ का आत?” तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“नको. आत जागा न्हाई.”

आत तर सगळा वाफा मोकळा पडला होता. मधोमध आणि फटीजवळच्या कोपऱ्यात वांग्याची रोपं, वीतभर वाढलेली. ती आजीच्या बियाची. आजीनं, भामाबाईनं, राखेत घोळून डब्यात ठेवलेलं बी. ती गेल्यावर डबा उघडला तेव्हा अर्ध्याला कीड लागली होती. उरलेल्यातून अकरा रोपं आली. ही गेली की आजीचं बी संपलं.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यातली सातच उरली.

शेजारची शांतम्मा शेळीला कानाला धरून उभी होती. “ज्ञानोबादादा, मला काय बोलू नका. शेळीला उघडं दिसलं की ती पाव्हणी. फट तुमची, रोपं तुमची, शेळी तेवढी माझी.”

“शेळीला दोष न्हाई, शांतम्मा.”

“मंग दाराची ताटी बांधा की. तीन दिस झाले, विणून भिंतीला टेकवून ठेवलीय. तिचं लगीन लावायचंय का?”

आबांनी नवा फोक हातात घेतला. शिवांगीनं वाफ्यात वाकून पाहिलं. शेळीनं चार रोपं बुडापासून खाल्ली होती, पण फटीजवळच्या कोपऱ्यातल्या तीन रोपांना तोंडही लावलं नव्हतं. तिथवर खुरांचे ठसे आले होते, आणि तिथूनच ते एकदम मागं फिरले होते. तिनं हे कुणाला सांगितलं नाही.

दुपारी शिवांगीचा बाप वैजनाथ आणि आबा यांची जुंपली. वैजनाथ लातूरला डाळमिलीत कामाला. दिवाळीला चार दिवस आलेला.

“आबा, एवढी एक फट बुजंना तुमच्यानं? अन् दिवसभर कुणासंगं बोलून राहिलाव? गाव हसून राहिलंय.”

“हसू दे. हसून हसून थकंल.”

“मी उद्या सकाळी टेम्पोत जाळी आणतो. लोखंडी खांब, जाळी, एका दुपारचं काम. हे सगळं उपटून चुलीत घालू.”

“कूड उपटायला लागलास तर मला बी उपट. दोघं एकदाच चुलीत.”

वैजनाथ कपाळाला हात लावून उभा राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “आबा, सांजच्याला ताटी बांधून झाली, तर जाळीचं नाव काढणार न्हाई. न्हाई झाली, तर मी ऐकणार न्हाई. तुमाला असं बघवत न्हाई मला.” आणि तो घरात गेला.

कार्तिकातलं ऊन पाठीवर बसलं होतं. आबांनी फोक उचलला, आत सारला. “घे.”

शिवांगी बघत होती. ओला फोक सोडला की सरळ व्हायला बाहेर उसळतो, हे तीन दिवसांत तिला कळलं होतं. हा उसळला नाही. दोन बोटं आत सरकला आणि थांबला. वारा नव्हता. शेळी शांतम्माच्या दारात बांधलेली होती.

आबांनीही पाहिलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

“आबा,” ती त्यांच्याजवळ सरकली. “ताटी कामून बांधत न्हाई तुमी?”

ते फोकाची साल नखानं काढू लागले. मग बोलले, जसं काही मातीलाच सांगत होते.

“आमचा एक नेम होता, शिवा. लगीन झालं त्या सालापासून. ती आत, मी भाईर. आतलं माणूस फटीतून भाईर येणार, ‘आले’ म्हणणार, मंग मी ताटी बांधणार. त्याच्याआधी न्हाई. मागल्या साली ह्याच दिसांत, शेवटला खुंट ऱ्हायला होता. म्या म्हटलं घे. न्हाई घेतला. परत म्हटलं घे. न्हाई. सकाळी चहावरून बोललो होतो तिला. वाटलं, राग धरून बसलीय. मंग म्या म्हटलं...” त्यांनी साल खाली टाकली. “म्हटलं, झोपलीस का मेलीस?”

शिवांगी त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

“उठून आत बघावं का न्हाई? मी बिडी पेटवली. सगळी ओढली. मंग आत गेलो.”

“आजी कोपऱ्यात होती?”

“हाव. आता ती तीन रोपं हायेत, तिथंच. खुंटाला टेकून बसल्याली. फटीतून खाट जाईना, म्हणून तुझ्या बापानं कूड तोडला अन् तिकडून न्हेली. फटीतून आलीच न्हाई ती. ‘आले’ म्हणाली न्हाई. आता तूच सांग, आत माणूस असताना मी ताटी कशी बांधू?”

शिवांगीनं त्या कोपऱ्याकडे पाहिलं. तुम्ही तरी बांधली असती का?

ऊन खाली उतरू लागलं. शेवटच्या खुंटापाशी तीन फोकांचं काम राहिलं होतं. शिवांगी उठली आणि फटीकडे गेली.

“आत नको म्हटलं ना.”

“आजीच्या जागी न्हाई बसत मी,” ती म्हणाली. “बाजूला बसते.”

आत हवा थोडी गार होती. कोपऱ्यात आजी बसायची तेवढी जागा सोडून ती मातीत मांडी घालून बसली. कुडाच्या विणीतून आबांचं धोतर आणि बोटं तेवढी दिसत होती.

“घे,” आबा म्हणाले.

टोक आत आलं. तिनं लगेच धरलं नाही. आधी थोडं थांबली, घरात मोठ्या माणसाला आधी घेऊ देतात तशी. टोक हळूच हललं. मग तिनं ते धरलं आणि ओढलं. ते इतक्या सहज आलं, की जणू तिच्या हाताच्या वरही एक हात होता.

“घेतला.”

पुढचा फोक आला. त्याच्यामागून शेवटचा. तिनं तो खुंटाला वळसा घालून बाहेर सारला, आणि बाहेरून त्यांनी तो दाबून बसवला.

आबांनी ताटी भिंतीवरून उचलून फटीशी आणली. सुंभाची दोरी खांद्यावर टाकली. घराच्या दाराशी वैजनाथ येऊन उभा राहिला होता.

“ये भाईर, शिवा.”

ती फटीपर्यंत आली. एक पाय बाहेर टाकला आणि थांबली. मागं वळली. तळवा वर करून तिनं हात आत धरला. सरीवरून पाय उचलताना आजी असाच हात मागायची, कारण तिचा डावा गुडघा दुखायचा. शिवांगी तशीच उभी राहिली, जितका वेळ आजीला लागायचा तितका वेळ. मग हळूच बाहेर आली आणि दोघींना पुरेल एवढी बाजूला झाली.

“आलाव, आबा,” ती म्हणाली. “दोघी बी. बांधा आता.”

आबांनी ताटी लावली. दोरीची पहिली गाठ त्यांच्या हातून दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

शिवांगी ती बघायला थांबली नाही. हात तसाच, थोडा मागं धरून, दुखऱ्या गुडघ्याला झेपेल अशा चालीनं, ती घराकडे निघाली.