टाकीला पाणी लावायचं नाही

साहेब, आनंदीबाईंच्या मरणात तुमचाही हात आहे. लेपबाबाच्या मांडवाला महापालिकेची परवानगी तुम्ही दिलीत, पहिल्या रांगेत तुम्ही बसलात आणि स्वतःच्या गाडीच्या टाकीला लेप लावून घेताना फोटोही काढून घेतलात. तो फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला, म्हणून कोथरूडची शिकलीसवरली माणसं गाड्या घेऊन तिथे रांगेला लागली. आता पुढचं ऐका.

घटस्थापनेच्या सकाळी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. लेपबाबा माइकसमोर बसला होता, कपाळाला ग्रीसचा टिळा. "गाडीलाही कुंडली असते. लोखंड म्हणजे शनी, पेट्रोल म्हणजे अग्नी. दोघांचं बिनसलं की टाकी गळते." लोक गाडीची जन्मवेळ म्हणून शोरूममधून ताबा मिळाल्याची वेळ सांगत होते. एकाने विचारलं, गाडी सेकंडहँड आहे, दत्तक धरायची का? कोणी हसलं नाही.

त्या रांगेत आमच्याच सोसायटीतल्या स्पृहाचे आईवडील होते. आई म्हणजे आनंदीबाई. वडील, म्हणजे अप्पा, बँकेतून निवृत्त झालेले. गाडीची सगळी दुरुस्ती घरीच करायचा त्यांना भारी सोस. गतिरोधकावर घासून टाकीच्या खालच्या जोडाला बारीक चीर गेली होती, पेट्रोल ठिपकत होतं. नवी टाकी आणून त्यांनी गॅलरीत ठेवलीही होती, रविवारी लेकीच्या मदतीने बदलायची म्हणून. पण अप्पांची कंबर धरली होती, आणि आनंदीबाई म्हणाल्या, एवढे मोठे साहेब जातात, दाखवून तर बघू.

बाबाने राखेत घोळवलेली एक वडी चिरेवर घासली. ठिपकणं थांबलं. मैदानावर जयजयकार झाला. उरलेली वडी आनंदीबाईंच्या ओंजळीत टाकत बाबा म्हणाला, "नवरात्र उठेपर्यंत टाकीला पाणी लावायचं नाही. कडक सोवळं आहे."

स्पृहा ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ठिपकणं थांबलं म्हणजे चीर बुजली असं नव्हे, टाकी बदलूनच टाकू, हे तिने त्याच दिवशी सांगितलं. अप्पा म्हणाले, "तू पुस्तकातलं सांगतेस. मी डोळ्यांनी पाहिलंय." टाकी दसऱ्यानंतर बघू, असं ठरलं.

दसऱ्याला पुण्यात गाडी धुतल्याशिवाय पूजा होत नाही. नवरात्र उठलं, सोवळं सुटलं म्हणून बेसमेंटच्या पार्किंगमध्ये अप्पांनी पाइप घेऊन गाडी वरून धुतली, खालूनही धुतली. बॉनेटवर झेंडूचा हार चढला, उदबत्त्या लागल्या. पेट्रोलचा वास उदबत्तीत बुडून गेला. आनंदीबाई निरांजनाचं तबक घेऊन चाकाला ओवाळायला वाकल्या, आणि ओल्या फरशीवरून ज्वाळा सरकत त्यांच्या पदरापर्यंत आली. अप्पांनी अंगातला सदरा काढून झोडपला, शेजाऱ्यांनी वाळूच्या बादल्या ओतल्या. गाडी वाचली. आनंदीबाई कोजागिरीपर्यंतही टिकल्या नाहीत.

तेराव्याला सोसायटीचे सेक्रेटरी रामदासकाका भेटायला आले. चहाचा घोट घेऊन हळहळत म्हणाले, सोवळं पाळलं गेलं नसणार, वहिनींनी मध्येच कधीतरी टाकीला पाणी लावलं असेल. चार माना हलल्या. जिने पाइपला हातही लावला नव्हता, ती बाई मेल्यावर स्वतःच्याच मरणाची गुन्हेगार ठरली. अप्पा खाली बघत राहिले.

दुसऱ्या सकाळी ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलले. "टाकी बदलू. गाडी विकायचीय, पण गळकी कोणाला द्यायची नाही."

बापलेकीने चार शेजारी हाताशी घेऊन गाडी ढकलत बेसमेंटमधून उघड्या अंगणात आणली. बॅटरीची तार सोडली, उरलंसुरलं पेट्रोल हातपंपाने कॅनमध्ये काढलं, गाडी उचलून खाली ठोकळे दिले, पट्ट्या सोडवून जुनी टाकी उतरवली. नवी बसवण्याआधी स्पृहाने सगळ्यांना खाली बोलावलं. जुन्या टाकीत तिने थोडं रॉकेल ओतलं. चिरेतून ठिपकू लागलं. देव्हाऱ्यातली बाबाची वडी आणून तिने चिरेवर घासली. थांबलं. मागून कोणीतरी हातही जोडले. मग तिने तांब्याभर पाणी ओतत बोटाने ती जागा चोळली. बोटांवर फेस आला, आणि टाकी पुन्हा ठिपकू लागली.

फेसाळलेला तळवा तिने रामदासकाकांच्या नाकाशी धरला. "वास घ्या. धुण्याचा साबण आहे. पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. वाटेत अडकलेली गाडी गॅरेजपर्यंत न्यायची ही जुनी युक्ती. सोवळं आईने नाही मोडलं, काका. ते सोवळं नव्हतंच."

 सोसायटीतले लेप लावून घेतलेले लोक एकेक करून आपापल्या गाड्यांखाली वाकू लागले.

लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी हात लावून बघा. आणि बाबा काय करतो त्यापेक्षा तो काय करू नका म्हणतो, तिकडे लक्ष द्या. त्याची लबाडी तिथेच लपलेली असते. पाणी लावू नका म्हणाला, म्हणजे पाणी लागल्यावर काय होणार हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

आता तोच मांडव येरवड्यात पडलाय, साहेब, पुन्हा तुमच्याच परवानगीने. उरलेली वडी घेऊन स्पृहा तुमच्या कचेरीत आली होती. हा श्रद्धेचा प्रश्न आहे, असं सांगून तुम्ही तिला वाटेला लावलंत. परत जाताना ती आवारात, फोटोतल्या त्याच तुमच्या गाडीपाशी थांबली आणि गुडघ्यावर बसून खाली वाकली. तिथे कोरी करकरीत नवी टाकी होती.

लेपाने बरी झालेली टाकी तुम्ही का बदललीत, आणि आम्हाला का नाही सांगितलंत? उत्तर द्या.