मागची सीट

जांभळी स्टॅशाची होती. पन्नास वर्षं कानीकपाळी ओरडूनही ही साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नव्हती. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्याच्या कडेला जुन्या गाड्यांची रीघ लागली, की कुणीतरी टोपीवाला जांभळीभोवती दोन फेऱ्या मारायचा, तिच्या लांबलचक बॉनेटवरून नजर फिरवायचा आणि शेजारी घडीच्या खुर्चीत बसलेल्या म्हातारीला विचारायचा, "साहेबांची का गाडी?"

"साहेब वारले," स्टॅशा म्हणायची. "गाडी त्यांच्या आधीपासून माझी आहे. त्यांना मी चालवायला द्यायचे. तेही शहाण्यासारखे वागले तर."

टोपीवाला हसायचा, कारण त्याला ती थट्टा वाटायची. असल्या दांडग्या गाड्या पुरुषांच्याच, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पण ज्या सीटवर बसून हे पुरुष मिशा पिळायचे, ती हॅमट्रॅमक गावच्या मोटारींच्या कारखान्यात शिवणखात्यातल्या बायांनी शिवलेली असायची. स्टॅशा त्यातलीच एक. बावीस वर्षांची होती, लग्न झालं नव्हतं, आणि कामगारांना मिळणाऱ्या सवलतीत तिनं स्वतःच्या पगारातून गाडी मागवली होती. रंग जांभळा, आत पांढऱ्या सीटा. मुकादमबाईला मस्का लावून त्या सीटांची कव्हरं तिनं स्वतःच शिवली. आईनं डोक्याला हात लावला होता. लग्नाच्या मुलीनं असली गुरगुरणारी गाडी घ्यायची म्हणजे काय!

भाऊ मात्र खूश झाला होता. लिओन तिच्याहून तीन वर्षांनी लहान. तो त्याच कारखान्यात, सीटा बसवायच्या लाईनवर कामाला होता. पांढऱ्या सीटांची जांभळी गाडी कधी येते याच्यावर तो आठवडाभर डोळा ठेवून बसला. आली तेव्हा मागची सीट त्यानं दुसऱ्या कुणाला लावू दिली नाही. सीटखालच्या पत्र्यावर त्यानं आधी पिवळ्या मेणखडूनं लिहिलं, आणि मग सीट बसवली. लष्कराचं बोलावणं त्याच्या खिशातच होतं. आगगाडीत चढताना तो तिला म्हणाला, "स्टॅशा, सीट उचलून बघ कधीतरी."

तिथं लिहिलं होतं: स्टॅशा, ही सीट माझी. राखून ठेव. लिओन.

लिओन व्हिएतनामच्या एका नदीत बेपत्ता झाला. मेला असं कुणी म्हणालं नाही, परत आला असंही नाही. आईनं मरेपर्यंत त्याच्या नावाचा दगड लावू दिला नाही. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, तिच्यासारखी गावातली सगळी पोलिश माणसं मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जायची तेव्हा स्टॅशा गॅरेजमध्ये जायची. पेट्रोलच्या वासात मेणबत्ती पेटवणार कशी, म्हणून टॉर्च घ्यायची. मागची सीट उचलायची, त्या पिवळ्या अक्षरांवर उजेड धरायची आणि थोडा वेळ बसून राहायची. घरातल्यांना वाटायचं, चोरून सिगरेट ओढायला गेली असेल.

मागच्या सीटवर तिनं कुणालाच बसू दिलं नाही. नवऱ्याला नाही, मुलगा कॉनरड याला नाही, बाजाराच्या पिशव्यांनाही नाही. कॉनरडला लहानपणी वाटायचं, आईला आपल्यापेक्षा तिनं शिवलेलं कव्हर जास्त लाडकं आहे. याचा त्याला रागही यायचा.

मधली काही वर्षं या गाड्यांना कुत्रं विचारत नव्हतं. तेल महागलं, विमा महागला, आणि घटाघटा पेट्रोल पिणारी गाडी दारात असणं म्हणजे मूर्खपणा ठरला. शेजारचा म्हणायचा, कोंबड्या पाळ तिच्यात. मग कारखाना बंद झाला आणि पाडलाही. त्या दिवशी अख्खं गाव कुंपणाशी उभं राहून चिमण्या कोसळताना बघत होतं. त्यानंतरच लोक हळूहळू दारात यायला लागले. कुणी नुसता पत्र्यावर हात फिरवायचा, कुणी म्हणायचा एकदा सुरू करा हो, आवाज ऐकू दे. ज्यांनी आयुष्यभर त्या गाड्यांचे नट आवळले त्यांना हात ठेवायला दुसरं काही उरलंच नव्हतं. पुढं त्या गाड्यांची चित्रं जगभरच्या पोरांच्या भिंतींवर लागली, त्यांच्यावर पुस्तकं निघाली, पण स्टॅशाच्या मते सुरुवात त्या कुंपणाशी झाली. माणसं सुतक पाळायला येत होती.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर ती पाय घसरून पडली, खुब्याचा सांधा बदलावा लागला आणि कितीतरी महिने तिचं गॅरेजमध्ये जाणंच झालं नाही. कॉनरडनं तेवढ्या वेळात जांभळी खोलली. आई बरी होऊन घरी आल्यावर तिला तिची गाडी कारखान्यातून निघाली होती तशी दिसावी, एवढीच त्याची इच्छा होती. कामात तो फार बारीक. लाईनवरचे तपासनीस गाडी पुढं सोडताना पत्र्यावर खडूनं खुणा करायचे. त्या कुठं, कोणत्या रंगात, किती वाकड्या असायच्या, हे सगळं पुस्तकांत बघून त्यानं एकेक खूण परत काढली. स्टॅशानं हॉस्पिटलातून त्याला फोनवर एकच बजावलं होतं, "मागच्या सीटला हात लावू नकोस."

त्यानं शब्दाला शब्द पाळला. सीट चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. तिचा एक टाका हलू दिला नाही.

यंदाच्या ऑगस्टमध्ये जांभळी वुडवर्डवर उभी राहिली तेव्हा लोक चालता चालता थांबत होते. मूळच्यासारख्या राखलेल्या गाड्यांच्या स्पर्धेचे परीक्षक हॉलिस आले. उंच, काळे, शांत गृहस्थ. त्यांनी आरसा धरून गाडीचं पोट पाहिलं, इंजिन पाहिलं, आणि मागच्या सीटवर बोट टेकवलं.

"हिच्यावर कुणी बसलंच नाही वाटतं."

"आईनं आम्हाला बसू दिलंय कधी," कॉनरड हसून म्हणाला. "खाली पण बघा. सगळ्या खुणा आहेत."

त्यानं सीट उचलली. स्टॅशा काठी टेकत पुढं आली. मागच्या नोव्हेंबरात ती अंथरुणावर होती, लिओनकडं जाणं चुकलं होतं. तिनं खिडकीतून वाकून पाहिलं.

पत्रा नवा कोरा होता. कोपऱ्यात तपासनीसाची निळी खूण, बाजूला एक पांढरी रेघ, सगळं पुस्तकाबरहुकूम. मधे काहीच नव्हतं.

"इथलं कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"इथलं काय?"

"पिवळं. खडूनं लिहिलेलं."

कॉनरड आठवत राहिला. "होतं गं काहीतरी. मेणचट, तेल साचलेलं. पुस्तकातल्या कुठल्याच खुणेशी जुळेना. मला वाटलं, कुठल्यातरी मेकॅनिकच्या पोरानं गिरगटलंय. गंज काढायला वाळूचा फवारा मारला, त्यात..."

"पोरानंच लिहिलं होतं," स्टॅशा म्हणाली. "लिओननं."

लिओन म्हणजे कॉनरडला स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा एक फोटो ठाऊक होता. तिथं काय लिहिलं होतं ते तिनं शब्दन् शब्द सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो तिथंच फुटपाथच्या कडेवर बसला.

"मला सांगायचं नाही का, आई? एवढी वर्षं?"

"कुणालाच नाही सांगितलं. सांगायला गेलं असतं तर पुढं, तो कुठाय, असं विचारलं असतं ना कुणीतरी."

तिला राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं, असं तिलाच वाटलं. तिच्या भावाला पुरायलाही जागा नव्हती, आणि जी होती ती तिच्या मुलानं तिच्याच मायेपोटी स्वच्छ पुसून टाकली होती.

कॉनरड डोळे पुसत उठला. "त्याची पत्रं असतील ना? अक्षर बघून मी परत लिहितो. कुणाला ओळखू येणार नाही. हुबेहूब."

"इथलं सगळं हुबेहूबच आहे, बाळा. लिओनची नक्कल नको."

हॉलिस बाजूला उभे होते. त्यांनी घसा खाकरला. "मी नंतर येऊ का, मॅडम?"

"थांबा," स्टॅशा म्हणाली. "कॉनरड, खुणा काढायचे तुझे खडू आहेत ना, त्यातला पिवळा दे. आणि मला आत बसायला हात दे."

"आई, तुझा खुबा."

"हात दे म्हटलं."

तिला पुढची सीट वाकवून आत शिरायला बराच वेळ लागला. पन्नास वर्षांत त्या सीटवर ती स्वतःही कधी बसली नव्हती. गुडघा टेकवताना कळ उठली, तिनं ओठ आवळले. मग दोन्ही हातांनी खडू घट्ट धरून कोऱ्या पत्र्याच्या मधोमध तिनं लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

राखली आहे, लिओन. स्टॅशा.

हॉलिसनी वाकून वाचलं. हातातल्या कागदाकडं पाहिलं. "मॅडम, हे पुस्तकात नाही," ते हळू म्हणाले. "मला गुण कापावे लागतील. पुसायचं असेल तर मी तिकडं तोंड करून उभा राहतो."

"कापा," कॉनरड म्हणाला.

त्यांनी कापले. मग टोपी काढून काखेत धरली, आणि पुढच्या गाडीकडं लगेच गेले नाहीत. कॉनरडनं आईला हात देऊन बाहेर घेतलं, सीट उचलून आणली, अक्षरांना कुठं घासणार नाही अशी सांभाळून बसवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबली. ती खट्कन बसली.

संध्याकाळी बक्षीस न घेताच मायलेक निघाले. कॉनरडनं स्टिअरिंग धरलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खुर्च्या टाकून बसलेली माणसं जांभळीचा आवाज ऐकून हात उंचावत होती. सिग्नलला कॉनरडचा मित्र धावत आला. "घरापर्यंत सोड रे," म्हणून त्यानं दार उघडलं.

"मागं जागा नाही," कॉनरड म्हणाला.

मित्रानं आत डोकावून त्या पांढऱ्या, रिकाम्या सीटकडं पाहिलं. स्टॅशा समोर रस्त्याकडं बघत होती. तिनं मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला.