हरिबाचा रामराम

“आता येत्यात का त्येनी?” बनाबाईनं पुन्हा विचारलं.

“येत्यात की, आक्का. अजून सुरवातच हाय,” येडू म्हणाला खरा, पण पहिलं रीळ संपत आलं होतं आणि त्याच्याही मनात पाल चुकचुकली होती.

शुक्रवार पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये फिल्म सोसायटीचा रविवार सकाळचा खेळ चालला होता. खिडक्यांना चादरी टांगून अंधार केला होता. सोलापुरात आणखी कशाचा तुटवडा असेल, चादरींचा नाही. खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशी मंडळी होती. पहिल्या रांगेत बनाबाईसाठीही खुर्ची राखून ठेवली होती, पण एवढ्या पुरुषांपुढं खुर्चीवर बसायला ती काही केल्या तयार झाली नाही. ती मागं, प्रोजेक्टरच्या टेबलाशी, यंत्र चालवणाऱ्या धाकट्या भावाच्या, येडूच्या, पायापाशी खाली बसली होती.

‘त्येनी’ म्हणजे हरिबा, तिचा नवरा. त्याचं नाव ती त्याच्या हयातीत घेत नव्हती आणि तो दुष्काळात गेल्यावरही घेत नव्हती. हरिबाचा एकही फोटो नव्हता. मेंढरांमागं रानोमाळ हिंडणाऱ्या धनगराचा फोटो काढतो कोण आणि कशाला? अलीकडं बनाबाईला एक धास्ती लागली होती. डोळे मिटले की हरिबाचं पागोटं दिसायचं, घोंगडं दिसायचं, पण तोंड काही दिसायचं नाही. “तोंडच इसराय लागले की रं मी,” असं ती भावाला म्हणाली. म्हणून हरिबा ज्याच्या शूटिंगला होता तो ‘मेंढवाट’ सिनेमा सोलापुरात दाखवणार म्हटल्यावर ती मंगळवेढ्याहून एस. टी.त बसून आली. पिक्चरशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला एकदा नवरा बघायचा होता.

येडू गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. घरातला पहिला मॅट्रिक. त्याला सिनेमाचा नाद, पण तोही आडवळणाचा. ज्याला टॉकीजवर शिट्ट्या पडतात तो सिनेमा त्याला चालत नसे. ज्यात गाणी नाहीत, गोरेगोमटे नट नाहीत, जो कुणा वेड्यानं स्वतःच्या हिमतीवर काढलाय, असाच सिनेमा त्याला हवा. मग तो बंगालीतला असो, कानडीतला असो, नाहीतर बर्फाच्या देशातला असो. भाषा कळली नाही तरी तो दोनदोनदा बघायचा आणि बैलाच्या खुरात औषध घालता घालता समोरच्या शेतकऱ्याला सांगायचा, “बघायलाच पाहिजे असा सिनेमा आहे बघा!” शेतकरी म्हणायचा, “व्हय की. आदी बैलाचं बगा.”

या सगळ्या वेड्यांत त्याचा सर्वांत लाडका दिग्दर्शक म्हणजे बसवराज. इथल्याच कापडदुकानदाराचा पोरगा, दुकान सोडून सिनेमात गेलेला. दुष्काळावर सिनेमा काढायचा म्हणून तो मेंढपाळांचा वाडा, म्हणजे माळावरचा तळ, शोधत दवाखान्यात आला, तेव्हा येडूला स्वर्ग दोन बोटं उरला. त्यानंच बसवराजला बहिणीच्या वाड्यावर नेलं. मुख्य मेंढक्याच्या कामाला पुण्याचा एक नावाजलेला नट होता. त्याला पागोटं बांधायला हरिबानं शिकवलं, मेंढरांना हाळी घालायला हरिबानं शिकवलं, आणि नवं घोंगडं पडद्यावर खोटं दिसतं म्हटल्यावर अंगावरचं घोंगडंही हरिबानंच काढून दिलं. बनाबाईला नुसतं सांगितलं होतं की तू तुझी भाकरी थाप, पाणी भर, आमच्याकडं बघू नको. तिनं तसंच केलं.

हरिबाला मात्र ते जमलं नाही. क्यामेरा सुरू झाला की तो मान वर करून थेट भिंगात बघायचा, पागोट्याला हात लावायचा आणि हसून म्हणायचा, “रामराम!” बसवराज सांगून सांगून दमला.

“अहो हरिबा, इकडं बघायचं नसतंय.”

“समूर मानूस हुबा आन् त्येच्याकडं बगायचं न्हाय? चोर हाय व्हय मी?”

सगळे पोट धरून हसायचे. शेवटी बसवराजही म्हणायचा, “बरं बरं, झ्याक आलं!” ते ‘झ्याक आलं’ बनाबाईनं कानांनी ऐकलं होतं आणि तेवढ्या भरवशावर ती आज इथं आली होती.

दुसरं रीळ सुरू झालं. पडद्यावर पुण्याचा नट माळावरून चालत आला. चाल हरिबाची, पागोटं हरिबाचं. खुर्च्यांवरून कौतुकाची कुजबुज झाली.

“घोंगडं त्येंचं हाय,” बनाबाई पुटपुटली.

मग नटानं वळून बघितलं आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर बनाबाई भाकरी थापताना दिसली. पुन्हा नट, पुन्हा बनाबाई. दोघं एका चौकटीत कधीच नव्हती, पण बघणाऱ्याला शंका राहिली नसती की हा नवरा आणि ही बायको. बनाबाईला ते आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं पदर तोंडाशी घेतला. “येडू, मला ह्येची बायकू केलीया व्हय रं ह्यांनी?”

आणि मग ते आलं. माळावर घोंगड्याखाली झाकलेलं प्रेत, भोवती बाया, मधोमध बनाबाई. एका म्हातारीनं तिचे हात धरले आणि दगडावर आपटून हिरव्या बांगड्या फोडल्या. एकीनं कुंकू पुसलं. बनाबाईचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज फुटत नव्हता. क्यामेरा ते तोंड सोडायला तयार नव्हता.

हे काम नव्हतं. येडू स्वतः त्या दिवशी तिथं होता. शूटिंग चालू असताना हरिबा तापानं फणफणला आणि दोन दिवसांत गेला. त्याला माती देताना बसवराजची माणसं लांब टेकाडावर उभी होती. येडूला वाटलं होतं, केवढी ही माणुसकी, लांबून का होईना, मान देतायत. नंतर त्यानं बसवराजचे हात हातात घेऊन आभारसुद्धा मानले होते. टेकाडावरून लांबचं भिंग रोखलेलं होतं, हे त्या मूर्खाला आज कळत होतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

खाली बनाबाई रडत नव्हती. तिनं दोन्ही उघडे हात पदराखाली ओढून घेतले होते, आत्ताच कुणी तरी ते धरायला येणार असल्यासारखे.

“येडू, बंद कर ह्ये.”

येडूनं भिंगापुढं हाताचा पंजा धरला. बहिणीचं तोंड पडद्यावरून उतरून त्याच्या तळहातावर आलं. मग त्यानं यंत्र बंद केलं.

हॉलमध्ये एकच गिल्ला झाला. “लाइट! लाइट!” कुणी तरी खिडकीवरची चादर ओढली आणि ऊन आत आलं. सोसायटीचे अध्यक्ष आप्पा वकील तरातरा मागं आले. “अहो, इतक्या मोक्याच्या जागी? असा अभिनय जन्मात बघितला नाही आम्ही!”

“अभिनय न्हाय तो,” येडू ओरडला. तो सोसायटीत कधी ओरडला नव्हता, आणि इथं तो नेहमी पुस्तकी बोलायचा, तेही आज सुटलं. “माझे दाजी हायत घोंगड्याखाली! खरे! इचारा तुमच्या दिग्दर्शकाला!”

बसवराज पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसला होता. तो उठून मागं आला. त्याचा चेहरा उतरलेला नव्हता, हेच येडूला जास्त झोंबलं.

“काय बे येडू, तू तरी समजून घे की. सिनेमा तुला कळतंय. तसं दुःख कुठली नटी करणार होती? परदेशातली माणसं हा भाग बघून उभी राहिली. आक्का, तुमचं दुःख जगानं बघितलं.”

बनाबाई टेबलाला धरून उठली. “जगाला काय करायच्यात माज्या बांगड्या? आमच्यात फुटलेल्या बांगड्यांचा तुकडासुदीक घरात ठेवत न्हाईत. मयताबरूबर देत्यात. तुमी पेटीत घालून गावोगाव हिंडवताय व्हय त्ये?”

बसवराज बोलायला लागला, तसा तिनं हात वर केला.

“ऱ्हाऊ द्या त्ये. मला येवडं सांगा, त्येनी कुटं हायत? घोड्यावर सामान लादताना घेतलं व्हतं. मेंढरं पाण्यावर सोडताना घेतलं व्हतं. झ्याक आलं म्हनाला व्हता तुमी.”

“ते कापलं, आक्का.”

“कापलं म्हंजी? ठिवलंय कुटं?”

“फेकलं. दर वेळी क्यामेऱ्याकडं बघत होते हो. एकसुद्धा तुकडा उपयोगाचा निघाला नाही. आणि त्या दिवशी तुम्ही आमच्याकडं बघितलं नाही, म्हणून तर इतकं खरं आलं.”

जिता हरिबा बिनकामाचा निघाला होता आणि मेलेला कामी आला होता. या माणसाचं नाव आपण बैलांच्या कानातसुद्धा सांगत सुटलो, याची येडूला अशी लाज वाटली की त्याला तिथं उभं राहवेना.

बनाबाई बसवराजच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. नुसतं बघितलं. बसवराजनं आधी आप्पा वकिलांकडं बघितलं, मग खिडकीकडं, मग स्वतःच्या चपलांकडं.

येडूनं पिशवी उघडली. दवाखान्यातली पट्ट्या कापायची कात्री तिच्यात असायचीच. त्यानं रीळ हातानं उलटं फिरवलं, उजेडात धरून प्रेतावरचं घोंगडं कुठं सुरू होतं ते बघितलं आणि तिथं कात्री चालवली. मग सुलटं फिरवून, बाया पांगल्या तिथं दुसऱ्यांदा चालवली.

“अहो, हा गुन्हा आहे!” आप्पा वकील किंचाळले. “ही प्रत आपली नाही!”

“हे बी तुमचं न्हवतं,” येडू म्हणाला आणि कापलेली पट्टी त्यानं गुंडाळून बहिणीच्या हातात दिली. बसवराज पुढं झाला होता, पण पट्टी त्या हातात गेल्यावर तो जागीच थांबला.

एस. टी. स्टँडवर मंगळवेढ्याची गाडी लागलेली होती. बनाबाईनं खिडकीची जागा धरली आणि पट्टी उन्हाला लावून बोटांनी सरकवत बघितली. सगळ्या चौकटींत तीच ती बारकीशी बाई आणि तेच ते घोंगडं.

“ह्यात त्येनी कुटं चालताना न्हाईत?”

“न्हाईत, आक्का.”

तिनं पट्टी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. “मग ह्ये त्येंच्याकडंच जाऊ दे. त्येंच्या मातीत पुरते जाऊन.” गाठ तिनं पुन्हा एकदा आवळली. “त्येनी बगितलं म्हनून फेकलं म्हन. मानसानं मानसाकडं बगायचं न्हाय तर बगायचं कुनाकडं रं?”

येडूनं खालून खिडकीची दांडी धरली. “दाजींचं तोंड बघायचं ऱ्हायलं की गं तुझं.”

कंडक्टरनं घंटी मारली. गाडीनं हिसका दिला, तशी बनाबाई एकदम खिडकीतून पुढं झुकली. “येडू, हिकडं बग. असं करत व्हते त्येनी.”

तिनं मान उचलली, डावी भुवई जरा वर नेली, डोक्यावर नसलेल्या पागोट्याला हात लावला आणि येडूकडं थेट बघून ती हसली. “रामराम!”

क्षणभर हरिबाच होता तो. गाडीतल्या बाया वळून बघायला लागल्या. येडूनं फलाटावर उभ्या उभ्या कपाळाला हात नेला आणि गाडी वळेपर्यंत तिच्यावरची नजर हलू दिली नाही.