गावदेवीच्या चढावरची हडळ

खारवलीच्या गावदेवीच्या चढाखाली त्या सकाळी इतकी माणसं जमली होती, की जत्रा यंदा लवकर आली असं वाटावं. कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं, कोणी मिठागराच्या बांधावर बसलेलं, दोघं तर थेट चिंचेवर चढलेले. एक भेळवालासुद्धा आला होता. मधोमध काळुरामशेटची चंदेरी मोटार उभी होती. कुठल्याशा वकिलातीतून निघालेली, परदेशी बनावटीची, दोन कार्बोरेटरची, एके काळी म्हणे शर्यतीतल्या मोटारींशी टक्कर देणारी. मिठागराची जमीन विकल्यावर काळुरामशेटनी ती हौसेनं घेतली होती. आज मात्र तिचा वेग बघायला कोणी आलं नव्हतं. तिला हडळ कशी धरून ठेवते, ते बघायला गाव लोटलं होतं.

"बसव सुनेला," बॉनेटखाली कुंकू लावून झाल्यावर मठाचे चांगदेवबाबा काळुरामशेटना म्हणाले.

तुळसा मागच्या सीटवर बसली. आठवा महिना, पाय सुजलेले, डोळ्यांखाली काळं झालेलं. तिचा नवरा तानाजी स्टिअरिंगवर होता. त्यानं गाडी सुरू केली आणि चढाला लावली. गाडी थोडी हलली, आचके देऊ लागली, धापा टाकत चार हात पुढे गेली आणि बंद पडली. बंद पडता पडता बॉनेटखालून एक लांब फुत्कार ऐकू आला. पुढची रांग मागच्या रांगेच्या पायांवर चढली.

"ऐकलात?" बाबांनी उजवी मूठ उंच धरली. त्यांची ती मूठ कायम मिटलेली असे, तिच्यात देवीची शक्ती कोंडलेली आहे असं ते सांगत. "सगुणा श्वास घेतेय. बाळंतपणात गेलेली बाई, तिला या पोरीचं पोर पाहिजे. ओम ह्रीं क्लीं, यंत्रात मंत्र, मंत्रात तंत्र, टोटल पावर देवीची!"

मग तुळसाला उतरवलं. बाबांनी बॉनेट उघडलं, लाल कापड आपल्या डोक्यावरून त्यावर ओढलं आणि आत वाकून काहीतरी पुटपुटले. लिंबू कापलं, कुंकू उधळलं. तुळसाच्या जागी तिची सासू आवडाबाई बसली आणि तीच गाडी, तोच तानाजी, त्याच चढावरून सुरळीत वर गेली. बायकांनी गालांवर थापट्या मारून घेतल्या. एक पदवीधर गृहस्थ माझ्या कानाशी म्हणाले, "सायन्सच्या पलीकडे काहीतरी आहे हो." मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, कारण बोलले असते तर ते लिहिण्याजोगं नसतं.

मी डोंबिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलं मला मीराबाई म्हणतात. तुळसा माझ्या हाताखालून दहावी झालेली. आदल्या संध्याकाळी मासळी घेऊन आमच्या दारी येणारी जनाबाई टोपली उतरवता उतरवता म्हणाली होती, "बाई, तुमच्या तुलसाला हडल लागलीय असा बोलतान गावान. डाक्टरकरं पन नेत नाय तिला." मी बोंबील तसेच ठेवून रिक्षा केली.

तुळसा सासरच्या मागच्या पडवीत भेटली. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा रक्तदाब वाढलेला असल्याचं सांगितलं होतं आणि दर आठवड्याला यायला बजावलं होतं. दोन तारखा चुकल्या होत्या. गावाबाहेर जायचा रस्ता एकच, तो गावदेवीच्या चढावरून. बाबांचं म्हणणं, गाडीच चढत नाही म्हणजे सगुणा तिला गावाबाहेर सोडत नाही. रिक्षातून नेली तर पोर चढावरच जाईल. उपाय एकच, बाळंत होईपर्यंत तुळसानं बाबांच्या मठात राहायचं आणि चढालगतची जमीन मठाला द्यायची. ती जमीन देऊ नका असं घरात फक्त एकीनं तोंडावर सांगितलं होतं. तिलाच हडळ लागली, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

"बाई, मला डोळ्यांपुढे काजवे दिसतात," तुळसा म्हणाली. "डोकं ठणकतं. मी सासऱ्यांना बोलली, ते बोलतात ती सगुणाच आहे."

"गाडी गॅरेजला दाखवली?"

"दाखवली ना. डोंबिवलीला नेलेली. मेकॅनिक बोलला, एकदम फर्स्टक्लास गाडी. म्हणून तर सगळ्यांना खात्री पटली."

म्हणजे मेकॅनिकला दोष सापडला नाही, तेव्हा दोष हडळीचा. हा तर्क मी नववीच्या पेपरात बघितला असता तर भोपळा दिला असता. पण गॅरेजला जाताना तुळसा गाडीत नव्हती, हे मी लक्षात ठेवलं.

माझ्या वडिलांचं ठाण्यात मोटारींचं गॅरेज होतं. मी त्यांच्यामागे बॉनेटखाली डोकं घालूनच मोठी झाले. त्यामुळे सकाळी ती गाडी आचके देताना पाहून मला हडळ आठवली नाही. वडील आठवले. गाडी सावकाश असताना दम नसेल आणि पळायला लागली की ठीक चालत असेल, तर ते पहिला प्रश्न विचारायचे, ही चोरून हवा कुठून खाते? इंजिन पेट्रोल आणि हवा ठरल्या मापात घेतं. कार्बोरेटरच्या पुढे कुठे छोटं भोक पडलं, की त्यातून जादा हवा आत शिरते आणि पेट्रोल कमी पडतं. इंजिन हळू फिरत असताना त्याची भूकच थोडी, म्हणून तेवढी हवासुद्धा त्याला महागात पडते. जोरात फिरताना ते एवढी हवा ओढतं की भोकातली हवा कुठल्या कुठे जाते. उसाचा रस भोक पडलेल्या नळीनं पिऊन बघा, तुम्हालाही फुत्कार काढता येईल.

आणि खारवलीत एक रीत आहे. गावदेवीच्या चढावर कुठलंही वाहन पालखीच्या चालीनं न्यायचं. जोर करायचा नाही, इंजिन गुरगुरवायचं नाही, देवीच्या अंगावर धावून गेल्यासारखं होतं म्हणे. रीत निरुपद्रवी आहे, मला तिच्याशी भांडण नाही. पण ज्या वेगात हे भोक नडतं, नेमका तोच वेग. बाबांनी गावाची भक्ती बरोबर मापून घेतली होती.

गाडी पुन्हा खाली आली तशी मी पुढे झाले. "काळुरामशेट, आता तुळसा बसेल. फक्त बाबांनी बॉनेटला हात लावायचा नाही."

काळुरामशेटचा चेहरा ताठ झाला. "बाय, तुमी शालंच्या बाई. ह्या देवाच्या कामान परू नका. गारी आमची, सून आमची."

"सून तुमची आहे म्हणूनच सांगते. सोनं घेताना कस लावून बघता ना? ही तर माणसाच्या जिवाची गोष्ट आहे."

"हडळ डिवचली तर जबाबदारी कोणाची?" बाबा गरजले.

"माझी," तुळसा म्हणाली. तिनं कोणाला विचारलं नाही. पोट सावरत चालत गेली, दार उघडून बसली आणि आतून कडी लावून घेतली. मग काच खाली करून नवऱ्याला म्हणाली, "चालव. आणि बाबांना लांब उभं कर."

तानाजीनं बापाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मग घाम पुसून गाडी चढाला लावली. गाडी पालखीच्या चालीनं, एकही आचका न देता, देवळापर्यंत गेली. चिंचेवरचा एक जण टाळ्या वाजवायला गेला आणि फांदीवरून घसरला.

गाडी खाली आली तेव्हा बाबांनी नवं कारण काढलं. "हडळ झोपलेली. विधीशिवाय ती जागी होत नाय."

"बरं," मी म्हटलं. "मग करा विधी. पण आत तुळसा नाही, आवडाबाई बसतील."

ते नको म्हणू लागले, पण आता माणसांना चव लागली होती. "करा बाबा, करा," मागून आवाज आले. बाबांना मागे हटता येईना. मघाशी त्यांनी आवडाबाईंसाठी गाडी चढवून दाखवली होती, तीच पुन्हा दाखवली तर निभावेल, असं त्यांना वाटलं असावं. पण ते कापडाखाली वाकताच मी त्यांच्या खांद्याशी गेले आणि लाल कापड टराटरा ओढून काढलं.

"काय करते बाई? देवी कोपेल!"

"कोपू दे माझ्यावर. तुमचा उजवा हात बॉनेटमध्ये कशाला लागतो ते मला बघायचंय. तानाजी, इंजिन चालू कर."

इंजिन चालू झालं. गोड, एकसुरी आवाज. मी वाकले. कार्बोरेटरच्या खालच्या बाजूला, हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या नळकांड्यावर एक आखूड पितळी तोटी होती. कधीतरी तिला काहीतरी जोडलेलं असणार. आता तिच्या तोंडावर अंगठ्याएवढी रबरी टोपी होती. टोपीवर कुंकू लागलेलं होतं. इंजिनाच्या आत वाकून कुंकू लावायला देवी आली नव्हती.

मी टोपी उपटली. लगेच तो फुत्कार सुरू झाला. इंजिन आचके देऊ लागलं, गाडी थरथरू लागली. बायका किंचाळल्या.

"भिऊ नका, जवळ या," मी ओरडले. "ही बघा सगुणा." आणि तोटीच्या तोंडावर माझा अंगठा ठेवला. आतल्या ओढीनं अंगठा घट्ट धरला. फुत्कार थांबला, इंजिन सुरळीत झालं. अंगठा काढला, फुत्कार. ठेवला, गप्प. "कोणाला करून बघायचंय?"

कोणी पुढे येईना. मग आवडाबाई आल्या. नऊवारीचा काष्टा सावरत वाकल्या, आपला अंगठा त्या तोटीवर ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. किती वेळ त्या तेच करत राहिल्या कोण जाणे.

"तुळसा बसायच्या आधी कुंकू लावायच्या निमित्तानं बाबा टोपी काढतात," मी सांगितलं. "दुसऱ्याच्या वेळी बसवतात. मधल्या वेळात ती कुठे असते? बाबा, मूठ उघडा."

"देवीची शक्ती हाय, जलून जाशील," ते म्हणाले आणि पाठीमागे सरकले. पाठीमागे काळुरामशेट उभे होते. त्यांनी बाबांचं मनगट धरलं. मिठागरात राबलेला हात तो. मूठ उघडली. तळव्यावर कुंकवाचा राप होता, आणि त्या रापात टोपीच्या कडेचा गोल वळ स्पष्ट उमटला होता.

"डरायव्हर होतो मी आधी," बाबा हळूच म्हणाले. मघाचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

कोणी त्यांना मारलं नाही. दोघंतिघं तसं करू पाहत होते, पण मी मध्ये उभी राहिले. मार खाल्लेला बाबा पुढच्या गावात हुतात्मा होतो. त्यांना पोलिसांकडे नेण्याचं पुढाऱ्यांनी ठरवलं आणि ते मी माझ्या डोळ्यांसमोर करवून घेतलं.

काळुरामशेट डोक्याला हात लावून मिठागराच्या बांधावर बसले होते. आवडाबाई त्यांच्यासमोर गेल्या. आयुष्यात त्या नवऱ्याशी चारचौघांत मोठ्यानं बोलल्या नसाव्यात.

"सगुणा माजी जाव होती," त्या म्हणाल्या. "तिला पन डोल्यांपुरं काजवं दिसाचं. पाय सुजलं होतं. तवा पन तुमी भगताला बोलावलाव. बैलगारी दारान होती, बैल दारान होतं. कल्यानला नेली नाय. मेल्यावं तिला हडल केलीव. यवरी वरसा मी तिच्या नावाची भीती धरली." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "आता माज्या सुनंला कोन आडवतो ता बघतंय."

काळुरामशेटनी मान वर केली नाही. मला त्यांची कीव आली नाही, हे मी खरं तेच सांगते. संताप आला. एक बाई औषधाविना मेली आणि तिला मारणाऱ्या अडाणीपणाला कोणी नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं ते तिला.

मी टोपी घट्ट बसवली. आवडाबाई सुनेशेजारी मागे बसल्या. तुळसा पुढे वाकून तानाजीला म्हणाली, "आज पालखीची चाल नको. दाब."

"देवीच्या चढावर?"

"देवी बाईच आहे ना? तिला कळतं. दाब."

तानाजीनं दाबलं. ती जुनी परदेशी मोटार खरोखरच धावण्यासाठी बनवलेली होती, ते खारवलीनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. देवळाशी न थांबता ती चढ ओलांडून कल्याणच्या रस्त्याला लागली. डॉक्टरीणबाईंनी तुळसाला त्याच दुपारी दाखल करून घेतलं आणि तानाजीला, इतके दिवस कुठे होतात, असं विचारलं.

खारवलीला मी तेव्हा सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. गाडी अडली तर बॉनेट उघडा. माणूस आजारी पडलं तर दवाखान्यात न्या. कोणी कापडाखाली, अंधारात, मिटल्या मुठीत चमत्कार करत असेल तर कापड ओढा. त्यात देव असेल तर तो उजेडाला घाबरणार नाही. तुळसा त्या दिवशी वेळेत पोचली. सगुणा पोचली नव्हती, कारण तेव्हाच्या भगताला कोणीच प्रश्न विचारला नव्हता. तुमच्या गावात विचारा.