तिसऱ्या झोनचा आकडा

मॅडमनी बारावं जर्नल टेबलावर आपटलं. बारा पोरं, बारा जर्नलं आणि प्लास्टिकची दोरी काढणाऱ्या मशीनच्या तिसऱ्या झोनचं तापमान बाराही ठिकाणी दोनशे बारा!

"मंगळवारच्या प्रॅक्टिकलला कुठं होतात रे सगळे?"

होती इथंच, हेच तर दुखणं. तिसऱ्या झोनचा हीटर आठ दिवस मेलेला. कंट्रोलच्या डब्यावर आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. मॅडमनी घसा फोडून ते दाखवलं होतं. प्लास्टिक नीट वितळलं नाही, चॉकची पूड त्यात मिसळली नाही. पांढऱ्या गुठळ्या घेऊन बाहेर पडलेली दोरी पाण्याच्या टाकीत सात वेळा तुटली. आणि जर्नलात काय, तर 'दोरी एकसंध व गुळगुळीत'. वाचून मॅडमचं डोकंच फिरलं.

तेवढ्यात विभागप्रमुखांचा फोन. "सह्या उरकून टाका हो. पाचच्या आत यादी हवी."

सही नाही तर परीक्षा नाही, म्हणजे बारा जणांचं वर्ष पाण्यात. घड्याळात अडीच वाजले होते.

"मी सही करणार नाही," त्या पोरांना म्हणाल्या. "कुठून उतरवलंत हे?"

पहिल्या नंबरची पोरगी पुटपुटली, "मामांच्या कपाटात नमुन्याचं जर्नल आहे. सगळ्याच बॅचेस त्यावरून..."

"आणा इकडे. बघू तरी, कुणी हे दिवे लावलेत!"

लॅबचे मामा जागचे हलेनात. "राहू द्या ना, मॅडम."

"मामा, आणा म्हटलं ना!"

कव्हर निखळलेलं, पण आतलं अक्षर कसं मोत्यासारखं. तिसरा झोन, दोनशे बारा. मॅडमनी पहिलं पान उघडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तिथं त्यांचंच नाव होतं, लग्नाआधीचं.

"तुमच्या वेळी प्लास्टिक पुढं ढकलणारा स्क्रूच काढून ओट्यावर ठेवला होता," मामा हळूच म्हणाले. "प्रॅक्टिकल झालंच नव्हतं. अक्षर चांगलं म्हणून सरांनी हे नमुन्याला ठेवलं."

जर्नल मिटून ड्रॉवरमध्ये कोंबावं, असं मॅडमना फार वाटलं. पोरांना ते नाव ओळखू आलं नव्हतं. पण गेल्या कित्येक वर्षांत आपण किती दोनशे बारांवर ओरडलो आणि शेवटी सही ठोकली, ते आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी लाल पेन काढलं, स्वतःच्या आकड्यावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'मशीन बंद होतं.' मग ते पान पोरांपुढे धरलं. "हे माझं आहे. आता तुम्ही खोडा. दिसलं तेवढंच लिहा."

बारा पेनं खाली वाकली. थोड्या वेळानं त्याच पोरीनं मान वर केली. "मॅडम, दोरी किती वेळा तुटली होती?"

सात, मॅडमच्या अगदी ओठांवर आलं. बाराही पेनं थांबली होती, आकड्याची वाट बघत.

"मामा," त्या म्हणाल्या, "मशीन चालू करा."