पोटरीवरचा हात

पहाटे पांझरा नदीच्या काठाने चालताना चुडामणभाऊ मागून पोटरी धरतो, याबद्दल उखर्डूच्या मनात शंका उरली नव्हती. मेलेला माणूस हात कसा लावेल, असं विचारणाऱ्यांनी खुशाल विचारावं. लहानपणी तालमीत हा थोरला भाऊ अस्साच पोटरी धरून त्याला चीत करायचा. ती पकड ओळखण्यात उखर्डूने चुकणं शक्यच नव्हतं.

एवढा पहिलवान गडी, पंच्याण्णव साली छातीत कळ येऊन बघता बघता गेला. घाबरून उखर्डूने रक्त तपासून घेतलं, तर कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं. "गोळी आणि चालणं, दोन्ही हवं," डॉक्टरांनी बजावलं. गोळी तेव्हा बाजारात नवीनच होती. महिनाभर घेतली आणि पोटऱ्या भरून यायला लागल्या. चालून दम वाढायचा राहिला बाजूला, पुलापर्यंत जाताना जीव मेटाकुटीला यायचा. वैतागून त्याने गोळ्या बायकोच्या, पुष्पाबाईच्या हातात दिल्या आणि फेकून दे म्हणाला. डॉक्टरांना कळवायचं मात्र त्याला सुचलं नाही.

गोळी सुटली, दुखणं सुटेना. तेव्हा मात्र उखर्डूची पाचावर धारण बसली. हे औषधाचं नव्हतंच, भाऊ न्यायला येतोय! तरी तो रोज जायचा. भीतीने घाम फुटायचा, पण भावाला तिथे एकटं कसं सोडायचं?

शेवटी एका सकाळी तो ओट्यावर बसून रडलाच. "पुष्पा, भाऊ पाय सोडत नही. मनी येळ भरनी."

पुष्पाबाई चुलीपासून उठून त्याच्यासमोर येऊन बसली. "भाऊ नही शे तो. मीच धरेल शेतस तुमना पाय." तिने चुलीवरच्या डाळीकडे बोट केलं. "रोज गोळी कुटीसन दायमा टाकस मी. भाऊसारखा तुम्ही बी गयात, तं मी काय करू?"

उखर्डू इतका संतापला की त्या दिवशी घरात जेवला नाही. डॉक्टरांनी दोघांनाही झापलं. या गोळीने काहींचे स्नायू दुखतात, मग चालण्याचा फायदा हाती लागत नाही. तेव्हाच सांगायचं होतं, म्हणाले. त्यांनी ती गोळी बंद केली, पाय बरे झाले की दुसरी देणार होते.

हळूहळू पाय हलके झाले. एका पहाटे उखर्डू न थांबता पूल ओलांडून गेला. परतताना तो मुद्दाम रेंगाळला, मागे वळून पाहिलं. कोणी पोटरी धरली नाही. काठावर चिटपाखरू नव्हतं.

"भाऊ," त्याने हाक मारली. मग वाट पाहिली.

भाऊ मेला, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि तो तिथेच मटकन खाली बसला.