ताब्याचं काम

बँकेच्या वसुली विभागातल्या साहेबांचा फोन आला की कुलूपवाला आधी तीनचार रिंगा वाजू द्यायचा. फोन कामाचा आहे की त्याच्याच घराच्या थकलेल्या हप्त्यांचा, हे उचलल्याशिवाय कळायचं नाही. काम म्हणजे ताब्याचं काम. कर्ज थकलं म्हणून जप्त झालेल्या घराचं कुलूप फोडायचं, नवं बसवायचं आणि चाव्या साहेबांच्या हातात द्यायच्या. हप्त्यांसाठी बँकेच्या दुसऱ्या नंबरांवरून फोन येत, ते तर तो उचलतच नसे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण झाकायला हात मोकळेच होते, कारण धंदा बसला होता. लोक आता बोट टेकवून दारं उघडतात, चावी करायला कोण येणार?

बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दर महिन्याला आपल्या वाटणीचा अर्धा हप्ता त्याच्या हातात ठेवून निर्धास्त व्हायची. उन्हाळ्यापासून ते पैसे दुकानाच्या भाड्यात जात होते. त्याने तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं; बँकेची पाकिटंही न फोडताच दुकानाच्या खणात टाकली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो मनाशी म्हणायचा. मुठीत दमडी नव्हती, ही गोष्ट वेगळी.

आणि या पठ्ठ्याने भीतीवर उपाय काय काढावा? घराच्या दाराला आणखी दोन कुलपं ठोकली, दुकानातली सगळ्यात भारी.

"अहो, आपल्याकडे चोराने न्यावं असं आहे तरी काय?" बायको हसत म्हणाली.

"काळ वाईट आहे," तो म्हणाला.

ड्रिलपुढे कुठलं कुलूप किती टिकतं हे ज्याला पक्कं माहीत, त्यानेच हे करावं! घाबरलेल्या माणसाला धंद्यातली अक्कलसुद्धा सोडून जाते.

मग एके सकाळी साहेबांचा मेसेज आला. पत्ता त्याच्याच गल्लीचा होता. घराचा नंबर शेवटी लिहिला होता, आणि तिथवर पोहोचेपर्यंत अक्षरं डोळ्यांपुढे नाचायला लागली. नंबर त्याचा नव्हता, पलीकडच्या इमारतीतला होता. त्याने ड्रिल पिशवीत टाकलं आणि निघाला.

त्या घरात कोणी नव्हतं. राहणारे आधीच निघून गेले होते. साहेबांच्या देखत कुलूप तुटलं, दार आत ढकललं, आणि कुलूपवाला उंबऱ्यावरच थबकला. खोल्यांची मांडणी हुबेहूब त्याच्या घरासारखी होती. डावीकडे ओटा, समोर खिडकी. बेसिनपाशी दात घासायचे ब्रश तसेच राहिले होते. खिडकीशी आपली बायको उभी आहे असं त्याला क्षणभर वाटलं.

"साहेब," नवं कुलूप बसवता बसवता त्याने विचारलं, "हे लोक आधी तुम्हाला येऊन भेटले असते तर?"

"तर मुदत वाढवली असती, हप्ता कमी करून दिला असता," साहेब कागदावर सही करत म्हणाले. "नोकरी गेली, धंदा बसला, आजारपण आलं, काय ते सांगायला तर हवं! पण येत नाहीत हो. फोन उचलत नाहीत. मग माझ्या हातात काही राहत नाही."

कुलूपवाल्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला त्याला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी तो बँकेत गेला खरा, पण ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा बिलाबद्दल बोलत राहिला, मग ड्रिलच्या महागाईबद्दल. साहेब ऐकत होते. अखेर ड्रिलबद्दलही बोलायचं काही उरलं नाही.

"साहेब, ते... माझ्या घराचे हप्ते..."

साहेबांना नवल वाटलेलं दिसलं नाही. "पुढच्या आठवड्यात तुमच्या घराचा ताबा घ्यायचं ठरलंय."

"म्हणजे त्या कामाचा फोनही तुम्ही मलाच केला असता?"

"छे हो." साहेबांनी नजर खाली वळवली. "तुमच्यासाठी दुसरा कुलूपवाला सांगून ठेवला होता."

कुणी परका माणूस आपल्या दाराशी गुडघे टेकून बसलाय, ड्रिल सुरू करतोय आणि बायको आतून ओरडतेय, हे त्याला लख्ख दिसलं. कितीतरी दारांशी तो स्वतः तसाच बसला होता.

"थांबवता येईल?" त्याने कसंबसं विचारलं.

"आज अर्ज दिलात तर येईल. पण घर दोघांच्या नावावर आहे. सही दोघांची लागेल."

याचीच तर त्याला सगळ्यात जास्त भीती होती. पळून जावंसं वाटलं. टेबलाची कड घट्ट धरून त्याने फोन लावला.

"अहो, इथे रांग लागलीय, पटकन बोला," बायको म्हणाली.

"मी हप्ते भरलेले नाहीत. बँकेत बसलोय. आज तू येऊन सही केली नाहीस तर घर जाईल."

पलीकडे कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. पुन्हा पुकारला गेला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ते साहेब समोर आहेत?" तिने विचारलं.

"आहेत."

"फोन त्यांच्याकडे द्या."

"अगं, मी सांगतो ना..."

"तुम्ही नको. त्यांच्याकडे द्या."

त्याने फोन पुढे केला. साहेब हळू आवाजात बोलत होते, तरी शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"हो, वाचेल. तुम्ही या," ते म्हणाले. मग तिचे प्रश्न ऐकले. "उन्हाळ्यापासून, ताई. नाही... नाही, तुमचा अर्धा हप्ताही भरलेला नाही."